चोरखिशाची बंडी

ढाणकीच्या बाजारगल्लीत बंडी शिवणारे अब्दुल गनी मास्तर माणसाचं माप घेत नाहीत. टेप गळ्यात असतो, तो नसला तर त्यांना उघडंवाघडं बसल्यासारखं वाटतं. पण तो कुणाच्या छातीभोवती गुंडाळताना त्यांना कुणी पाहिलेलं नाही. गिऱ्हाईक पायरीवर उभं राहिलं की मास्तर चष्म्याच्या वरून एकदा बघतात, "पलट" म्हणतात, पाठ बघतात आणि "शनिवारी ये" म्हणून मोकळे होतात. नवा माणूस गडबडतो. "मास्तर, माप?" असं विचारलंच, तर मास्तर जी नजर टाकतात तिनं तो आणखी गडबडतो. शनिवारी बंडी अंगावर चढते तेव्हा खांद्याला खांदा आणि काखेला काख बरोबर बसलेली असते. ही विद्या आपले वडील हैदराबादेहून शिकून आले होते, असं मास्तर सांगतात. सासरे उमरखेडच्या पुढं कधी गेलेच नव्हते, असं त्यांची बायको सांगते.

बंडी म्हणजे शेतकऱ्याचा जुना पेहराव. पांढऱ्या सुती कापडाची, बिनकॉलरची, पुढं दोन उघडे खिसे आणि डाव्या बाजूला आतून एक चोरखिसा. कापूस विकून परतणारा माणूस एसटीच्या गर्दीत उभा असतो तेव्हा त्याचा एक हात दांडीला आणि दुसरा आपोआप त्या चोरखिशावर असतो. मास्तरांचा चोरखिसा बाहेरून चाचपडून सापडत नाही, अशी त्याची ख्याती. शिवाय त्यांच्या प्रत्येक बंडीला मानेमागं, आतल्या बाजूनं, लाल दोऱ्याचा फुलीचा एक टाका असतो. ती त्यांची सही. धोब्याकडं दहा गावच्या बंड्या एकत्र झाल्या तरी लाल टाका दिसला की "ही गनीची" म्हणून ती बाजूला निघायची.

आता बंडी घालणारे एकेक करून गेले. राहिले त्यांना त्यांच्या नातवांनी टी-शर्ट घातले. मास्तर सध्या जीन्सच्या पँटी आखूड करतात, शाळेचे युनिफॉर्म शिवतात आणि दिवसभर कटकट करतात. तोंडानं ते फटकळ आहेत हे साऱ्या गल्लीला ठाऊक आहे. उधारी मागणाऱ्यापेक्षा घाई करणारा माणूस त्यांना जास्त खुपतो.

अशा माणसाच्या मशीनजवळ एक पोरगी अकरा वर्षं रोज येऊन उभी राहते, आणि तो तिला एकदाही "जा" म्हणत नाही, ही गोष्ट गल्लीला कोड्यात टाकणारी होती.

ती अर्पिता. समोरच्या संजयची मुलगी. संजयचे वडील सदाशिवराव हे मास्तरांचे जुने दोस्त आणि तितकेच जुने गिऱ्हाईक. संजयची पहिली हाफपँटही मास्तरांनीच शिवलेली. अर्पिता चार वर्षांची असताना यवतमाळच्या डॉक्टरांनी तिला ऑटिझम असल्याचं सांगितलं. तिची आई प्रेरणा अंगणवाडीत सेविका आहे. ती तो कागद घेऊन मास्तरांच्या दुकानात आली होती, कारण त्या वेळी घरात कुणी तिच्याशी धड बोलत नव्हतं.

"इलाज काय सांगितला, बेटा?" मास्तरांनी विचारलं होतं.

"इलाज नाई, चाचा. सवय करा म्हणे. तिले आपली, आपल्याले तिची."

मास्तरांना त्यातलं फारसं कळलं नाही, पण सवय हा शब्द कळला. पोरगी दुपारी चार वाजता यायची, मशीनच्या डाव्या बाजूला उभी राहायची, फळीवर तळहात टेकवायची आणि मशीनची थरथर हातात घेत राहायची. मग खाली पडलेली कातरण उचलून तिचे दोन ढिगारे लावायची. एक मऊ, एक खरखरीत. मास्तरांनी एकदा गंमत म्हणून टेरीकॉटचा एक तुकडा सुती कातरणीत लपवला होता. तिनं न बघता तो बाहेर काढला आणि मास्तरांच्या मांडीवर टाकला. तिला कुणी हात लावलेला खपत नाही. शाळेत कुणी पाठीवर थाप मारली की ती किंचाळते. मास्तरांना तर माणसाला हात न लावता काम करायची जन्माची सवय. दोघांचं जमलं ते बहुधा त्यामुळंच. बोलायची ती मोजकं. दुकानाच्या पाटीवर 'टेलर' लिहिलंय म्हणून ती त्यांना टेलर म्हणायची. चाचा म्हणायला तिला पुष्कळ शिकवून झालं. ती पाटीवरच ठाम राहिली.

यंदाच्या फेब्रुवारीत ते चारचं येणं बंद झालं.

झालं असं की आजोबा सदाशिवराव होते तोवर संध्याकाळी तिला घेऊन कॅनॉलच्या पुलापर्यंत फिरायला जायचे. पुढं ते चालायचे, मागं त्यांच्या धोतराचा सोगा धरून ती. ते वारले त्याला तीन वर्षं झाली. मध्ये ते फिरणं बंद होतं. आणि फेब्रुवारीत एका संध्याकाळी, कुणाला काही न सांगता, अर्पिता एकटीच चालत निघाली. कॅनॉलला पाणी सोडलेलं होतं. संजय दोन तास मोटारसायकलवर वेड्यासारखा फिरत होता. शेवटी ती पुलाच्या पलीकडं, काठाच्या उतारावर बसलेली सापडली, पाय पाण्यापासून हातभर अंतरावर. संजयनं तिला उचलून आणली. ती किंचाळत होती आणि हा रडत होता, आणि सारी गल्ली ते बघत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं फाटकाला कुलूप घातलं.

कुणी त्याला दोष द्यावा असं ते नव्हतं. मास्तरांनीही दिला नाही. मात्र चार वाजले की त्यांचा पाय मशीनवर मंदावायचा आणि मान रस्त्याकडं वळायची. घरी बायकोला एकदा ते सरळच म्हणाले, "पोट्टीबिगर दुकान खायला उठते."

मार्चमध्ये यवतमाळच्या एका शिबिरातून घड्याळ आलं. अशा मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेनं दिलेलं. काळा रबरी पट्टा, चौकोनी तबकडी, तबकडीच्या पोटाला लुकलुकणारा हिरवा दिवा. त्यात सिमकार्ड होतं. मुलगी कुठं आहे ते बापाच्या मोबाईलवर ठिपका होऊन दिसे. शिवाय हृदयाचे ठोके मोजून मूल बेचैन झालंय का, तेही सांगे. ठोके वाढले की मनगटावर गुर्र करून 'शांत हो' असं सुचवे. संजयला आभाळ ठेंगणं झालं. "चाचा, आठ दिवस तिनं हे घातलं ना, की कुलूप काढतो," तो स्वतः येऊन सांगून गेला. शाळेच्या मॅडमही म्हणाल्या होत्या, घड्याळ असेल तर पाठवा.

अर्पितानं ते पावणेतीन मिनिटं घातलं.

यवतमाळ जिल्ह्यातला मार्च म्हणजे काय ते त्या घड्याळाला ठाऊक नसावं. रबराखाली घाम, घामाखाली घामोळं. पोरीला मनगटावर बांगडीसुद्धा कधी सहन झाली नव्हती. त्यात ते गुरगुरायचं. ती बेचैन झाली की गुर्र व्हायचं आणि गुर्र झालं की ती आणखी बेचैन व्हायची. शांत करणाऱ्या यंत्रानं घरात असा धिंगाणा मांडला. संजयनं सगळं करून पाहिलं. झोपेत बांधलं, चॉकलेट दाखवलं, रागावला. शेवटी त्यानं स्क्रूचा पट्टा मागवला, मुलांना स्वतः उघडता येत नाही असा. त्या दिवशी तिनं मनगट ओट्याच्या कडेवर आपटून आपटून रक्त काढलं.

मनगटाच्या जखमेवर बांधलेली पट्टी मास्तरांनी फाटकातून पाहिली. अर्पिता फाटकाच्या गजांना कपाळ लावून उभी होती आणि बरोबर चार वाजले होते. त्यांनी त्या दिवशीचं काम तसंच टाकलं आणि संजयच्या घरात जाऊन बसले.

"ते घड्याळ दाखव."

संजयनं दाखवलं. मास्तरांनी ते उलटसुलट केलं, पट्टा ओढून पाहिला, गालाला लावला आणि तोंड वाकडं केलं. मग अंगठ्यानं दाबून तबकडी पट्ट्यातून वेगळी केली. ती सुपारीच्या डबीएवढी होती.

"हे मनगटावरच पाह्यजे असं कोण म्हणते? खिशात ठेवलं तर ठिपका दिसत नाई काय?"

"ठोके नाई दिसत मंग," संजय म्हणाला. "डॉक्टर म्हणे ताण समजला पाह्यजे." त्यानं मोबाईल उघडून आलेख दाखवला. लाल, पिवळा, हिरवा. तो आलेख तो रोज रात्री पाहत असे. मुलीच्या आत काय चाललंय ते पहिल्यांदाच आपल्याला कुणी सांगतंय, असं त्याला वाटत होतं.

प्रेरणा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "तिचा ताण मले तिच्या तोंडावर दिसते. ती कुठी हाय तेवढं समजलं तरी पुष्कळ हाय."

संजयनं यवतमाळला फोन लावला. संस्थेतल्या ताई म्हणाल्या की ठोके मिळणार नाहीत, पण जागा दिसेल. आणि अंगावर राहत नसेल तर ठोके तरी कुठं मिळताहेत? संजयनं फोन ठेवला.

प्रश्न खिशाचा होता. पोरीच्या कपड्यांना खिसेच नसतात. मास्तरांनी स्वतः आयुष्यभर पंजाबी ड्रेसला खिसा लावायला नकार दिलेला, फिटिंग बिघडते म्हणून. आणि वरच्या खिशातली वस्तू ती काढून फेकणार, शाळेतली पोरं ओढणार. युनिफॉर्मच्या आत राहील, टोचणार नाही, गरम होणार नाही, धुता येईल आणि खिसा सापडणार नाही, असं काहीतरी हवं होतं. मास्तर पायरीवर बसून विचार करत राहिले आणि मग स्वतःवरच चिडले, कारण पन्नास वर्षं ते तेच शिवत आले होते.

कापडासाठी त्यांनी प्रेरणाकडं सदाशिवरावांची जुनी धोतरं मागितली. नवं कापड कितीही भारी असलं तरी त्यात खळ असते. तान्ह्या बाळाचं पहिलं अंगडं म्हणूनच म्हाताऱ्या माणसाच्या विरलेल्या धोतराचं करतात. प्रेरणानं पेटीतून दोन धोतरं काढून दिली. मास्तरांनी अर्पिताला फाटकातून एकदा पाहिलं. पलटायला सांगायची गरज पडली नाही, ती स्वतःच वळून आत गेली. झालं माप.

बंडी त्यांनी दोन दिवस शिवली. सगळ्या शिवणी बाहेरच्या अंगाला घेतल्या. बटण टोचेल म्हणून खिशाला बटण नाही. कापडाचं एक तोंड दुसऱ्यावर चढवलं, वस्तू आत जाईल पण पळताना बाहेर येणार नाही असं. तबकडी चार्ज होऊन आली की गरम असते हे त्यांनी हातात धरून पाहिलं होतं, म्हणून आतल्या बाजूला कापडाचे दोन पदर दिले. एक अंगावर आणि एक धुण्यात, म्हणून दोन बंड्या केल्या. बऱ्याच वर्षांनी मन लावून काम झालं होतं. शेवटी त्यांनी सुईत लाल दोरा ओवला आणि दोन्ही बंड्यांच्या मानेमागं आपली सही घातली, नेहमीपेक्षा जरा ठसठशीत.

अर्पितानं बंडी घातली आणि घातली तशी काढून फेकली. दुसरीही फेकली.

मास्तरांना तोंडात मारल्यासारखं झालं. एवढ्या वर्षांत त्यांचा कपडा कुणी परत केला नव्हता. "आता इसके आगे माहं काई चालत नाई," ते संजयला म्हणाले आणि दुकानात येऊन त्यांनी एका कॉलेजच्या पोराला पँट दोन इंच जास्त आखूड करून दिली. पोरीचा राग त्या पँटीवर निघाला. मनातल्या मनात ते पोरीलाच बोलत होते. एवढं केलं, तरी हिचं आपलं तेच. हा विचार त्यांच्या मनात आला होता, आणि नंतर त्याची त्यांना फार लाज वाटली.

दोन दिवसांनी प्रेरणा पिशवीत दोन्ही बंड्या घेऊन आली. "पाहा ना चाचा," ती म्हणाली. "फेकते, आन् मंग उचलून चावून राह्यली."

मास्तरांनी बंडी उलटी केली. बाकी सगळं जसंच्या तसं होतं. फक्त मानेमागचा बोटभर भाग ओला, चुरगळलेला, दातांच्या खुणांनी भरलेला. लाल टाक्याचा एक पाय तुटलेला होता. त्यांनी दुसरी बंडी घेतली. तीही तिथंच.

त्यांनी टाक्यावरून बोट फिरवलं. काहीच लागलं नाही. सुईनं राठ झालेल्या त्या बोटाला काय लागणार? मग त्यांनी ती जागा ओठांना लावली. रंगीत दोरा जाड असतो, त्याला पीळ असतो, आणि फुलीच्या मध्यावर बारीकशी गाठ होती. दहा गावच्या माणसांनी ती गाठ मानेवर वागवली होती आणि कुणी हूं की चूं केलं नव्हतं.

"बेटा, पोट्टीनं तर सांगितलंच होतं," मास्तर म्हणाले. "बरोबर जागेवर दात ठेवून सांगितलं. आपूनच आंधळे."

त्यांनी ब्लेड घेऊन टाका उसवला. एका बंडीचा, मग दुसरीचा. उसवताना हात जड झाला हे खोटं नाही. ती बिनसहीची बंडी त्यांना परक्या कुणाची तरी वाटली. मग त्यांनी दोन्ही पाण्यातून काढल्या, दोरीवर वाळवल्या, इस्त्री केली नाही, आणि चार वाजता स्वतः फाटकाशी गेले.

शिवताना आणखी एक गोष्ट त्यांना खात होती. कळपातलं जनावर भटकू नये म्हणून त्याच्या गळ्यात घंटा बांधतात. आपण पोरीच्या अंगाला तेच शिवून देतोय का? जनावराला विचारत नाहीत. पण या पोरीला तरी कुणी विचारलं होतं? घड्याळ बांधलं, काढलं, परत बांधलं. ते कशासाठी आहे ते तिला एकानंही सांगितलं नव्हतं. तिला समजत नाही असं धरूनच सगळे चालले होते आणि त्यात मास्तरही होते.

अर्पिता गजांपाशी उभी होती. नजर भलतीकडं, निंबाच्या झाडाकडं. मास्तरांनी तबकडी तळहातावर धरली.

"अर्पिता, हे पाह्य. हे जिथी राह्यते, ते बाबाच्या मोबाईलमधी दिसते. तू पुलावर गेली तर बाबाले दिसन, पुलावर हाय. बाबा घाबरणार नाई. कुलूप हाय ते बाबा घाबरते म्हणून हाय. हे खिशात ठेवलं का कुलूप निघते. नाई ठेवायचं तर नको ठेवू. तुह्या मर्जीची गोष्ट हाय."

ती निंबाकडं बघत राहिली. मग तिनं एक शब्द उच्चारला.

"कधी?"

"आज," मास्तर म्हणाले. म्हणून गेले आणि म्हटल्यावर त्यांच्या लक्षात आलं की किल्ली आपल्याकडं नाही, संजयकडं आहे.

तिनं गजातून हात काढून बंडी घेतली. आधी गालाला लावली, मग मान जिथं येते ती जागा ओठांना. आत गेली. परत आली तेव्हा फ्रॉकच्या वरूनच तिनं बंडी चढवली होती. हात पुढं केला. मास्तरांनी तबकडी तिच्या हातावर ठेवली आणि तिनं ती स्वतः चोरखिशात सरकवली. मग कुलूप मुठीत धरून ती उभी राहिली.

संजय शेतातून आला तेव्हा ती तशीच होती. कुलूप धरून तिला दीड तास झाला होता. बंडी अंगावर होती.

"कोणाले इचारून जबान देली तुम्ही?" संजय मास्तरांवर भडकला. "आठ दिवस घरात घालू द्या, मंग पाहू म्हटलं होतं ना मी! अन् काई झालं तर? तुम्ही येसान काय पाण्यात उतराले?"

"चुकलो," मास्तर म्हणाले. इतक्या सहज हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. "तुले इचाराले पाह्यजे होतं. पण आता तिले आज सांगितलं हाय संजू. आज नाई उघडलं तर हे बी तिच्यासाठी घड्याळच होते. मंग ती कोणाचंच ऐकणार नाई, अन् ऐकू बी नये."

संजयच्या हातात किल्ली होती. किल्ली कुलपापर्यंत जाईना. हा माणूस कॅनॉलच्या उतारावरून आपली लेक उचलून आणलेला बाप होता; त्याला भ्याड म्हणणाऱ्यानं आधी तो उतार उतरून बघावा. प्रेरणा मागं येऊन उभी राहिली. संजयनं मोबाईलवर ठिपका पाहिला. घरावरच होता. पुन्हा पाहिला. मग त्यानं कुलूप उघडलं.

अर्पिता बाहेर पडली. मास्तर लगबगीनं दुकानाकडं निघाले, मशीन सुरू करावं म्हणून. त्यांना वाटलं होतं, ती आधी तिथंच येणार. ती दुकानासमोरून गेली. मान न वळवता, नाकासमोर, कॅनॉलच्या रस्त्यानं.

मास्तरांना लागलं. लागलं म्हणजे चांगलंच लागलं. दोन महिने ते चार वाजता रस्त्याकडं बघत होते, आणि फाटक उघडावं म्हणून जी धडपड केली त्यात पोरीइतकेच आपणही होतो, हे त्यांना तेव्हाच समजलं. पण तिची पाठ लहान लहान होत गेली तसं त्यांच्या मनात आलं, की फाटक उघडं म्हणजे हेच ना? तिनं दुकानातच यायचं ठरलेलं असतं तर तेही एक फाटकच झालं असतं.

संजय मोबाईल घेऊन दुकानाच्या पायरीवर येऊन बसला. मोटारसायकल त्यानं समोरच आणून लावली होती, तोंड कॅनॉलकडं करून. ठिपका बाजार ओलांडून गेला. कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या पुढं गेला. पुलावर आला आणि थांबला.

"थांबली," संजय म्हणाला.

"थांबू दे."

"चाचा, पाणी हाय आज."

"तिले बी दिसते पाणी."

पाच मिनिटं गेली. संजय उठला, त्यानं किक मारली, बंद केली, परत बसला. त्याच्या कपाळावरचा घाम हनुवटीपर्यंत आला होता. मास्तरांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. आपण माणसाला हात लावला हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. दहा मिनिटं झाली. बारा.

"निघाली," संजय म्हणाला आणि त्यानं मोबाईल मास्तरांपुढं धरला.

ती आली तेव्हा ऊन उतरलं होतं. या वेळी ती पायरी चढली, बापाला ओलांडून आत गेली आणि मशीनच्या डाव्या बाजूला, आपल्या जागेवर उभी राहिली. बंडी घामानं फ्रॉकसकट पाठीला चिकटली होती. मास्तरांना मानेमागची ती जागा दिसत होती. ना लाली, ना ओरखडा. तिनं चोरखिशात दोन बोटं घातली, तबकडी काढली आणि संजयच्या मांडीवर ठेवली, एकेकाळी टेरीकॉटचा तुकडा मास्तरांच्या मांडीवर टाकला होता तशीच. मग ती मास्तरांकडं वळली.

"टेलर. हा खिसा बाबाचा."

"व्हय. बाबाचा."

"माहा कुठी हाय?"

मास्तर चष्म्यावरून तिच्याकडं बघत राहिले. बंडीला तीन खिसे असतात. मास्तरांनी या बंडीला एकच लावला होता, कामापुरता. बाकीचे दोन कशाला लागतात हा प्रश्न त्यांना पडलाच नव्हता.

"तुहा करून देतो. लगेच करून देतो. काय ठेवशीन त्याच्यात?"

अर्पितानं फळीवर तळहात टेकवला.

"सांगत नाई," ती म्हणाली.

मास्तरांनी पुढं विचारलं नाही. संजय काही बोलणार होता, त्याला त्यांनी डोळ्यांनीच गप्प केलं. सदाशिवरावांच्या धोतराचा उरलेला तुकडा फळीखाली होता. तो काढून त्यांनी मांडीवर पसरला, खिशाएवढा चौकोन कापला आणि पाय मशीनवर ठेवला.